अंतर्गत सीए बदल: लिनक्स सर्व्हर आणि कंटेनरांवरच्या सर्टिफिकेट त्रुटींच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२६ : आवाका आणि क्रम

जुन्या अंतर्गत सीएचे (सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्या आपल्या यंत्रणेचे) रूट, म्हणजे विश्वासाच्या मुळाशी असलेले सर्टिफिकेट, ३१ मार्च २०२६ ला संपते. मार्चअखेरीस हिशेबाच्या सर्व्हरांना कुणी हात लावू देणार नाही आणि १९ मार्चला गुढीपाडवा आहे. म्हणून सर्व्हरवरचे बदल १८ मार्चच्या संध्याकाळपर्यंत आटोपायचे.

यंत्रे: अल्मालिनक्स ९, उबुंटू २२.०४ आणि अजून न हललेले काही सेंटओएस ७. कंटेनरांच्या (ॲप आणि त्याच्या फाइली एकत्र बांधून वेगळ्या चालवायच्या खोक्यांच्या) इमेजा, म्हणजे त्यांचे साचे, डेबियन स्लिम, अल्पाइन आणि स्क्रॅच अशा तीन प्रकारच्या. त्यांत जावा, नोड, पायथन आणि गो.

नवे रूट आरएसए ४०९६ बिट, एसएचए-२५६, मुदत १० वर्षे. इंटरमिजिएट (रूट आणि सर्व्हर यांच्यामधले सर्टिफिकेट) ५ वर्षे, सर्व्हरचे सर्टिफिकेट ९० दिवस. रूटची किल्ली ऑफलाइन राहील, रोजच्या सह्या इंटरमिजिएटने.

नव्या रूटच्या नावात साल घातले आहे. जुनेच नाव ठेवून नुसती किल्ली बदलली, तर ट्रस्ट स्टोअरमध्ये (विश्वासू रूटांच्या यादीत) एकाच नावाची दोन रूटे बसतात. सर्टिफिकेटात ऑथॉरिटी की आयडेंटिफायर (सही करणाऱ्या किल्लीची ओळख) नसेल तर तपासणारा नावावरून चुकीचे रूट उचलू शकतो आणि ओपनएसएसएलचा कोड ७, म्हणजे सही जुळत नसल्याची त्रुटी येते. दोन रूटांपैकी कोणते उचलले गेले हे त्या संदेशातून कळत नाही, आणि शोधणाऱ्याचा दिवस जातो.

क्रम असा: नवे रूट आधी सगळीकडे वाढवायचे, जुने तसेच ठेवून. मग सर्व्हरची सर्टिफिकेटे बदलायची. जुने रूट काढायचे काम १ एप्रिलपासून. पहिली पायरी पूर्ण झाल्याची खात्री नसलेल्या गटात दुसरी सुरू करायची नाही.

४ फेब्रुवारी : निदान

प्रत्येक तिकिटात आधी लिहायचे: तपासणारा प्रोग्रॅम कोणता, आणि तो विश्वासू रूटांची कोणती यादी उघडतो? एकाच यंत्रावर कर्ल (पत्ता उघडून बघायची आज्ञा) पास आणि जावा नापास, हे या कामात रोज दिसणार आहे. दोघांच्या याद्या वेगळ्या आहेत, सर्टिफिकेट तेच आहे.

‘माझ्या लॅपटॉपवर उघडतंय’ हा पुरावा धरायचा नाही. जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या (सरकारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) सीएकडून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे उघड झाले, तेव्हा विंडोजवरचे बहुतेक प्रोग्रॅम ती मानत होते आणि फायरफॉक्स मानत नव्हता. भारताच्या सीसीएचे (सीएंच्या सरकारी नियंत्रकाचे) रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, मोझिलाच्या यादीत नव्हते. लिनक्सच्या प्रमुख वितरणांची यादी मोझिलाकडूनच येते. शिवाय सर्व्हरने इंटरमिजिएट पाठवले नाही तर क्रोम ते सर्टिफिकेटातल्या पत्त्यावरून स्वतः आणतो. लिनक्सवरचा कर्ल सहसा आणत नाही.

सुरुवातीची आज्ञा सर्वांना एकच:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट होस्ट:४४३ -सर्व्हरनेम होस्ट -व्हेरिफाय_होस्टनेम होस्ट -शोसर्ट्स < /डेव्ह/नल

‘-सर्व्हरनेम’मध्ये भलतेच नाव गेले, तर एका आयपीवर अनेक साइट असलेला सर्व्हर त्याचे डीफॉल्ट सर्टिफिकेट देतो आणि आपण दुसऱ्याच सर्टिफिकेटाची चिरफाड करत बसतो. ‘-व्हेरिफाय_होस्टनेम’ नसेल तर एस_क्लायंट नाव तपासतच नाही. साखळी (सर्व्हरपासून रूटपर्यंतची सर्टिफिकेटांची ओळ) ठीक असली की कोड ० दाखवतो, मग ॲप का नाकारते यावर वाद सुरू होतो.

शेवटच्या ‘व्हेरिफाय रिटर्न कोड’चा अर्थ, आपल्या कामापुरता:

१८ : सर्व्हरने स्वतःच सही केलेले एकटे सर्टिफिकेट दिले. बहुधा इन्स्टॉलरने बनवलेले, आपले लागलेलेच नाही.
१९ : साखळी रूटपर्यंत आली, पण ते रूट आपल्या यादीत नाही.
२० : साखळीतल्या शेवटच्या सर्टिफिकेटाला सही देणारा यादीत सापडला नाही. नवे रूट बसवायचे राहिले.
२१ : सर्व्हरने एकच सर्टिफिकेट पाठवले आणि त्याचा सही करणारा मिळाला नाही. दहापैकी नऊदा इंटरमिजिएट जोडायचे राहिलेले असते. दुरुस्ती सर्व्हरवर, क्लायंटवर नाही.
१० आणि ९ : मुदत संपली किंवा सुरू झाली नाही. ९ दिसला तर आधी घड्याळ बघायचे.
६२ : नाव जुळत नाही.

२० आणि २१ मधला फरक पाठ असावा. २१ असताना क्लायंटच्या यादीत इंटरमिजिएट कोंबले की त्या एका यंत्रावर काम चालते आणि खरा दोष पुढच्या नूतनीकरणापर्यंत लपतो.

कर्लचा ६० म्हणजे तपासणी नापास. ७७ म्हणजे यादीची फाइलच वाचता आली नाही, ती नाही किंवा परवानगी नाही. ‘-के’ लावून पास करून घेतलेली चाचणी नोंदीत धरली जाणार नाही. पायथनमधले ‘व्हेरिफाय=फॉल्स’ आणि नोडमधले ‘नोड_टीएलएस_रिजेक्ट_अनऑथोराइज्ड=०’ कोडमध्ये शोधून यादी केली आहे. ती ठिकाणे आज चालतात आणि नव्या रूटनंतरही चालतील, धोका तिथेच आहे.

६ फेब्रुवारी : सर्व्हरांवर रूट बसवणे

उबुंटू आणि डेबियन: फाइल /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स/ मध्ये, मग ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’. ‘१ ॲडेड’ असे उत्तर आले पाहिजे. ‘० ॲडेड’ आल्यास बहुतेकदा फाइलचे नाव .पेम किंवा .सीईआर ने संपते. ही आज्ञा त्या फोल्डरात फक्त .सीआरटी उचलते आणि बाकीच्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. एका फाइलीत एकच सर्टिफिकेट ठेवायचे. रूट आणि इंटरमिजिएट एकत्र चिकटवले तर ‘एकच सर्टिफिकेट नाही, वगळले’ अशा अर्थाचा इशारा येतो आणि हॅशची लिंक बनत नाही.

अल्मालिनक्स: /ईटीसी/पीकेआय/सीए-ट्रस्ट/सोर्स/अँकर्स/ मध्ये फाइल, मग ‘अपडेट-सीए-ट्रस्ट’. पडताळणी ‘ट्रस्ट लिस्ट’ आणि ग्रेपने. ‘एक्स्ट्रॅक्टेड’ फोल्डरातल्या फाइलीत हाताने काही जोडू नये, पुढच्या अपडेटला ते पुसले जाते. एका यंत्रावर जुने रूट तसेच जोडलेले सापडले. पॅकेज अपडेट झाल्यावर ते नाहीसे झाले होते आणि ‘अचानक बिघडले’ म्हणून तिकीट पडले होते.

विंडोजवरून आलेली .सीईआर फाइल डीईआर या बायनरी स्वरूपात असू शकते (पेम म्हणजे मजकुरी स्वरूप). ‘कॅट’ केल्यावर कचरा दिसला तर:

ओपनएसएसएल एक्स५०९ -इन्फॉर्म डीईआर -इन रूट.सीईआर -आउट रूट.सीआरटी

अँकर्स फोल्डरला डीईआर चालते, डेबियनच्या पद्धतीला पेमच लागते. दोन्हीकडे पेमच पाठवायचे ठरले.

९ फेब्रुवारी : क्रॉस-साइन नको

सूचना अशी होती की नव्या रूटला जुन्या रूटची सही (क्रॉस-साइन) घ्यावी, म्हणजे ज्या यंत्रांवर नवे रूट पोचले नाही तीही चालतील. सेंटओएस ७ मुळे नाकारली.

३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ संपले, १४:०१ यूटीसीला, आपल्याकडे संध्याकाळी ७:३१ ला. लेट्स एन्क्रिप्ट या सार्वजनिक सीएची सर्टिफिकेटे वापरणारे सर्व्हर तेव्हा आयएसआरजी रूट एक्स१ ची त्या रूटने सही केलेली प्रत साखळीत पाठवत होते. अनेक जुन्या यंत्रांच्या यादीत खरे एक्स१ होते, तरी ओपनएसएसएल १.०.२ नापास करत होते. ही आवृत्ती साखळी बांधताना आधी सर्व्हरने पाठवलेल्या सर्टिफिकेटांवरून शक्य तितके वर जाते, मग यादी बघते. वर डीएसटी रूट सापडले, ते यादीत होते, म्हणून साखळी ‘पूर्ण’ झाली, आणि मग मुदत तपासताना पडली. दुसरा रस्ता तिने शोधलाच नाही. १.१.० पासून आधी यादीतले सर्टिफिकेट घेण्याची पद्धत डीफॉल्ट आहे, म्हणून नवी यंत्रे वाचली. जुन्यांवरचा उपाय उलटा वाटणारा होता: संपलेले रूट यादीतून काढायचे, म्हणजे ती दुसरा रस्ता शोधते. ३० मे २०२० ला ॲडट्रस्टचे रूट संपले तेव्हाही हीच गत झाली होती.

आपण क्रॉस-साइन पाठवले तर १ एप्रिलच्या सकाळी सेंटओएस ७ वर हेच होईल. म्हणून सर्व्हर फक्त स्वतःचे सर्टिफिकेट आणि इंटरमिजिएट पाठवेल. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला आहे, त्या यंत्रांची बदली वेगळ्या कामात.

११ फेब्रुवारी : कंटेनर

यजमान यंत्रावर बसवलेले रूट कंटेनरात जात नाही. कंटेनर यजमानाचा कर्नल आणि घड्याळ वापरतो, फाइली स्वतःच्या. ‘सर्व्हरवरून कर्ल चालतो, ॲप चालत नाही’ या जातीची बहुतेक तिकिटे इथे संपतात. तपासणी नेहमी ‘डॉकर एक्झेक’ने आत जाऊन करायची.

डेबियन स्लिममध्ये सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेजच नसते. डॉकरफाइलीतल्या ओळी:

कॉपी रूट-२०२६.सीआरटी /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स/
रन एपीटी-गेट अपडेट && एपीटी-गेट इन्स्टॉल -वाय --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स सीए-सर्टिफिकेट्स && अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स && आरएम -आरएफ /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स/*

‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावून कर्ल किंवा गिट घातले की सीए-सर्टिफिकेट्स सोबत येत नाही. त्यामुळे पॅकेजचे नाव उघड लिहायचे.

आतले मिरर एचटीटीपीएसवर असल्यास तिढा पडतो: पॅकेज आणायला यादी हवी आणि यादी त्याच पॅकेजात. एपीटी तेव्हा ‘नो सिस्टिम सर्टिफिकेट्स अव्हेलेबल. ट्राय इन्स्टॉलिंग सीए-सर्टिफिकेट्स’ असे स्वतःच सांगते. उपाय: पहिल्या टप्प्यात पूर्ण इमेजमधून तयार झालेली /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी फाइल स्लिम इमेजमध्ये त्याच जागी कॉपी करायची, मग एपीटी चालवायचे. अल्पाइनमध्ये मूळ यादी इमेजमध्ये असते, फक्त आपले रूट नसते. तिथे रूट /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स/ मध्ये ठेवून ‘कॅट’ने यादीच्या शेवटीही जोडायचे, मग ‘एपीके ॲड सीए-सर्टिफिकेट्स’ आणि शेवटी ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’.

स्क्रॅचमध्ये काहीच नसते. गोचा प्रोग्रॅम तिथे ‘सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन ऑथॉरिटी’ म्हणतो, सार्वजनिक साइटसाठीसुद्धा. बिल्डच्या टप्प्यातून यादीची एक फाइल कॉपी केली की काम झाले.

बहुटप्पी डॉकरफाइलीत नेहमीचा घोळ: रूट पहिल्या टप्प्यात बसवलेले, अंतिम टप्पा कोऱ्या इमेजवरून सुरू. बिल्ड हिरवी, चालवल्यावर त्रुटी. दुसरा, ‘युजर’ ओळीनंतर अपडेटची आज्ञा. परवानगी नाही म्हणून पडते. आणि कंटेनर सुरू होताना एंट्रीपॉइंटमध्ये यादी बनवण्याची युक्ती फक्त-वाचनीय फाइलसिस्टिम असलेल्या पॉडात (क्युबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेतल्या कंटेनरांच्या गटात) चालत नाही. म्हणून रूट मूळ इमेजांमध्येच भाजायचे आणि सगळ्या संघांनी त्यांवरूनच बिल्ड करायची. रूट गुपित नाही, त्याला सीक्रेट म्हणून जपायची गरज नाही. गुपित असते ती किल्ली.

१३ फेब्रुवारी : जावा

त्रुटी: ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’, म्हणजे रूटपर्यंत साखळी बांधता आली नाही. जावा स्वतःची सीएसर्ट्स फाइल वाचते.

कीटूल -इम्पोर्टसर्ट -सीएसर्ट्स -स्टोअरपास चेंजइट -नोप्रॉम्प्ट -एलियस अंतर्गत-रूट-२०२६ -फाइल रूट-२०२६.सीआरटी

‘-सीएसर्ट्स’ हा पर्याय जावा ९ पासून; जावा ८ मध्ये ‘-कीस्टोअर’ने पूर्ण पथ द्यावा लागतो. फाइलीत दोन सर्टिफिकेटे असली तरी पहिलेच आत जाते, म्हणून प्रत्येकाला वेगळे एलियस.

कोणत्या जावात घातले हे तपासायचे. अल्मालिनक्सच्या पॅकेजातली ओपनजेडीके /ईटीसी/पीकेआय/जावा/सीएसर्ट्स कडे बोट दाखवते आणि ती फाइल ‘अपडेट-सीए-ट्रस्ट’ नव्याने लिहिते. तिथे कीटूल वापरायचेच नाही, घातलेले पुसले जाईल. अँकर्समध्ये ठेवले की जावाला आपोआप मिळते. टारमधून उलगडलेल्या जावाची फाइल तिच्या लिब/सिक्युरिटीत स्वतंत्र असते आणि आवृत्ती बदलली की कोरी होते. ॲप सर्व्हरवर तीन-तीन जावा सापडल्या. चालू प्रोसेस कोणती वापरते ते /प्रॉक/पीआयडी/एक्सई या लिंकवरून बघितले.

‘-डीजावाएक्स.नेट.एसएसएल.ट्रस्टस्टोअर’ दिले असेल तर मूळ यादी वाचलीच जात नाही. अशा ॲपला आपले रूट मिळते आणि बाहेरचे पेमेंट गेटवे बंद पडते.

१६ फेब्रुवारी : पायथन आणि नोड

वरचा मुद्दा इथे जास्त चावतो: काही सेटिंग यादीत भर घालतात, काही यादीच बदलतात. ‘नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स’ भर घालते. ‘रिक्वेस्ट्स_सीए_बंडल’ आणि ‘एसएसएल_सर्ट_फाइल’ बदलतात. या दोन्हींत एकट्या रूटची फाइल दिली की अंतर्गत सेवा चालू आणि बाहेरच्या सगळ्या बंद. त्यांत नेहमी यंत्रणेची पूर्ण यादी द्यायची, जिच्यात आपले रूट आधीच मिसळलेले आहे.

पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सर्टिफाय पॅकेजातली यादी वापरते, यंत्रणेची नाही. डेबियन आणि उबुंटूने स्वतःच्या पॅकेजातले सर्टिफाय यंत्रणेच्या यादीकडे वळवले आहे. त्यामुळे एपीटीने बसवलेल्या रिक्वेस्ट्सवर स्क्रिप्ट चालते आणि तीच स्क्रिप्ट व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पडते. सर्टिफायच्या फाइलीत रूट चिकटवणे बंद, पुढच्या पिप अपग्रेडला ते जाते. पिप २४.२ पासून पायथन ३.१० आणि पुढे यंत्रणेची यादी आपण होऊन बघते, त्याआधीच्यांना ‘पिप_सर्ट’.

नोडचे व्हेरिएबल प्रोसेस सुरू होतानाच वाचले जाते. कोडमध्ये नंतर प्रोसेस.एन्व्हमध्ये घातल्याचा उपयोग शून्य. पथ चुकला तर नोड इशारा छापून पुढे जाते, थांबत नाही. इशारा लॉगच्या पहिल्या ओळींत असतो आणि कुणी वाचत नाही.

पायथन ३.१३ मध्ये वेगळीच त्रुटी: ‘मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर’. या आवृत्तीपासून डीफॉल्ट कॉन्टेक्स्टमध्ये कडक एक्स५०९ तपासणी चालू आहे. जुन्या सीएची सर्टिफिकेटे तिला चालत नाहीत, ३.१२ ला चालत होती. कडक तपासणीचा झेंडा (फ्लॅग) कोडमध्ये काढता येतो, पण आपण सीए बदलतोच आहोत, तेव्हा मूळ दुरुस्त केले. नव्या सीएच्या साच्यात: रूट आणि इंटरमिजिएटवर बेसिक कन्स्ट्रेंट्स क्रिटिकल, सीए:ट्रू, की युसेज क्रिटिकल, कीसर्टसाइन आणि सीआरएलसाइन, सब्जेक्ट की आयडेंटिफायर. इंटरमिजिएट आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेटांवर ऑथॉरिटी की आयडेंटिफायर. कडकपणे तपासून घ्यायची आज्ञा:

ओपनएसएसएल व्हेरिफाय -एक्स५०९_स्ट्रिक्ट -सीएफाइल रूट-२०२६.सीआरटी -अनट्रस्टेड इंटर.पेम सर्व्हर.पेम

१८ फेब्रुवारी : रजिस्ट्री

रजिस्ट्री म्हणजे इमेजांचे कोठार. तिथून ‘डॉकर पुल’ करणारा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) यजमानावर चालतो, त्याची यादी वेगळी. /ईटीसी/डॉकर/सर्ट्स.डी/ च्या आत होस्ट:पोर्ट या नावाचे फोल्डर आणि त्यात सीए.सीआरटी. पोर्ट ५००० असेल तर तो फोल्डरच्या नावात हवाच. डीमन परत सुरू करावा लागत नाही. या फोल्डरात .सीआरटी म्हणजे सीए आणि .सर्ट म्हणजे क्लायंटचे सर्टिफिकेट. शेवट चुकला की डॉकर किल्ली मागतो. उलट, फक्त यंत्रणेच्या यादीत रूट घातले तर डीमन रीस्टार्ट करावा लागतो, कारण गोचे प्रोग्रॅम यादी एकदाच वाचतात. आपल्या गोमधल्या सेवांनाही हेच लागू.

क्युबरनेटिसच्या नोडवर (इथे नोड म्हणजे क्लस्टरमधले यंत्र) कंटेनरडी आहे, तिथे डॉकरचे फोल्डर कुणी बघत नाही. /ईटीसी/कंटेनरडी/सर्ट्स.डी/होस्ट:पोर्ट/होस्ट्स.टॉमल आणि मुख्य कॉन्फिगमध्ये ‘कॉन्फिग_पाथ’. पॉडमॅनला /ईटीसी/कंटेनर्स/सर्ट्स.डी. बिल्डएक्सचा ‘डॉकर-कंटेनर’ ड्रायव्हर वापरणाऱ्या सीआय (आपोआप बिल्ड आणि चाचणी करणाऱ्या) यंत्रांवर बिल्डकिट स्वतःच्या कंटेनरात असते, त्याला बिल्डकिटडी.टॉमलमध्ये रजिस्ट्रीचे सीए वेगळे द्यावे लागले.

२३ फेब्रुवारी : सर्व्हरची सर्टिफिकेटे, पहिला गट

एनजिनएक्सच्या फाइलीत आधी सर्व्हरचे सर्टिफिकेट, मग इंटरमिजिएट. रूट नको. उलटा क्रम लावला तर पहिले सर्टिफिकेट किल्लीशी जुळत नाही आणि ‘एनजिनएक्स -टी’ ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’ म्हणते. किल्ली खरोखर चुकली की क्रम, हे ठरवायला दोन्हींची सार्वजनिक किल्ली काढून शासम जुळवायचा: एकीकडे ‘ओपनएसएसएल एक्स५०९ -नोआउट -पबकी’, दुसरीकडे ‘ओपनएसएसएल पीकी -पबआउट’. जुना मॉड्युलसचा उपाय फक्त आरएसएला चालतो.

फाइली ‘कॅट’ने जोडताना पहिलीच्या शेवटी नवी ओळ नसेल तर ‘एंड’ आणि ‘बिगिन’च्या ओळी एकमेकींना चिकटतात आणि ‘बॅड एंड लाइन’ येते. साच्यात दोन फाइलींमध्ये ‘एको’ घातला.

नावे सगळी सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेममध्ये (सॅन, सर्टिफिकेटातली नावांची यादी). गो १.१५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, कॉमन नेम बघितले जात नाही. आयपीने जोडणाऱ्यांसाठी ‘आयपी:’ प्रकारची नोंद हवी. ‘डीएनएस:’खाली आयपी लिहिला तर गो ‘आयपी सॅन्स नाहीत’ असे सांगतो. कंपोझमध्ये एक कंटेनर दुसऱ्याला सेवेच्या नावाने हाक मारतो, तेही नाव यादीत असावे. ताऱ्याचे (वाइल्डकार्ड) सर्टिफिकेट एकच पातळी झाकते.

अल्मालिनक्सवर फाइलीची परवानगी ६००, मालक रूट, तरी ‘परमिशन डिनाइड’. होम फोल्डरातून ‘एमव्ही’ने हलवलेल्या फाइलीला एसईलिनक्सचे (लिनक्सच्या जादा सुरक्षा थराचे) ‘युझर_होम_टी’ लेबल चिकटून येते. ‘एलएस -झेड’ने दिसते, ‘रिस्टोअरकॉन -व्ही’ने सुटते. ‘सीपी’ने कॉपी केली तर लेबल नव्या जागेचे लागते. एसईलिनक्स बंद करून बघण्याची गरज नव्हती.

२६ फेब्रुवारी : नवे सर्टिफिकेट आले, जुनेच दिसते

या कामातला सर्वांत चिवट प्रकार. डिस्कवर फाइल नवी, एस_क्लायंटमध्ये मुदत जुनी. तीन थर वेगळे करायचे आणि तिन्ही ठिकाणी ‘-सीरियल’ काढून जुळवायचा: यजमानावरची फाइल, कंटेनराच्या आतली फाइल, तारेवर येणारे सर्टिफिकेट.

पहिली दोन वेगळी असतील तर माउंट दोषी. एकच फाइल बाइंड माउंट केली (यजमानावरून कंटेनरात दाखवली) की कंटेनर त्या आयनोडला (डिस्कवरच्या फाइलीच्या मूळ नोंदीला) बांधला जातो. नूतनीकरणाची स्क्रिप्ट नवी फाइल लिहून ‘एमव्ही’ने जागेवर ठेवते, नावाखाली नवा आयनोड येतो, कंटेनर जुन्यालाच धरून बसतो. त्यामुळे कंटेनर रीस्टार्ट केल्याशिवाय काही दिसत नाही आणि लोकांना वाटते रीलोड मोडला. फोल्डर माउंट करायचे.

सर्टबॉटच्या (लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटे आपोआप आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यंत्रांवर फोल्डर माउंट करूनही एक खोच: ‘लाइव्ह’मधल्या फाइली ‘आर्काइव्ह’कडे जाणाऱ्या सापेक्ष सिमलिंक आहेत. फक्त ‘लाइव्ह/डोमेन’ आत दिले तर लिंक तुटक्या दिसतात. /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट पूर्ण, फक्त-वाचनीय, आत द्यायचे, नाहीतर डिप्लॉय हुकने खऱ्या फाइली वेगळ्या फोल्डरात कॉपी करायच्या. दुसरे निवडले, कारण पहिल्यात एका सेवेला बाकीच्या सगळ्या डोमेनांच्या किल्ल्या मिळतात.

क्युबरनेटिसमध्ये सीक्रेटचा व्हॉल्यूम काही वेळाने आपोआप ताजा होतो, पण ‘सबपाथ’ने लावलेला कधीच होत नाही. मॅनिफेस्टांत ‘सबपाथ’ शोधून सर्टिफिकेटांपुरते काढून टाकले.

दुसरी आणि तिसरी वेगळी असतील तर प्रोसेसने फाइल परत वाचलेली नाही. एनजिनएक्सला ‘-एस रीलोड’ पुरते आणि चालू जोडण्या तुटत नाहीत. काही ॲपांना पूर्ण रीस्टार्ट लागतो. त्यांची यादी हुकमध्ये नावानिशी घातली आहे.

५ मार्च : घड्याळ

स्नॅपशॉटवरून उठवलेल्या व्हर्च्युअल यंत्रावर कोड ९. ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मध्ये घड्याळ मागे दिसले, ‘क्रोनीसी मेकस्टेप’ने सरळ केले. सर्टिफिकेटातल्या वेळा जीएमटीत असतात. आपल्या पहाटे ५:३० आधी तिथे आदली तारीख चालू असते. मुदतीच्या सगळ्या नोंदी यूटीसीत ठेवायच्या. नव्या सीएच्या साच्यात सुरुवातीची वेळ एक तास मागे घेतली, किरकोळ पुढेमागे चालणाऱ्या घड्याळांसाठी.

९ मार्च : क्युबरनेटिसची आतली सर्टिफिकेटे

ही आपल्या सीएची नाहीत, पण यादी करताना डोळ्यांसमोर आली. क्युबॲडमिन (क्लस्टर उभारायचे साधन) सीए १० वर्षांचा आणि बाकीची एक वर्षाची बनवते. आवृत्ती वाढवली की ती आपोआप नवी होतात. वर्षभर क्लस्टर न हलवणाऱ्यांनाच हा फटका बसतो.

‘क्युबॲडमिन सर्ट्स चेक-एक्स्पिरेशन’ने बघितले, ‘क्युबॲडमिन सर्ट्स रिन्यू ऑल’ केले. त्यानंतर स्टॅटिक पॉड रीस्टार्ट करावे लागतात: मॅनिफेस्टची फाइल /ईटीसी/क्युबरनेटिस/मॅनिफेस्ट्स मधून बाहेर, २० सेकंद थांबून परत आत. एका वेळी एकच कंट्रोल प्लेन नोड. ॲडमिन.कॉन्फ नवी झाली, पण लोकांच्या होममधली तिची प्रत जुनीच असते, ती परत कॉपी करावी लागते. क्युबलेटचे (प्रत्येक नोडवरच्या एजंटचे) सर्टिफिकेट या आज्ञेत येत नाही, तो स्वतः फिरवतो. /व्हार/लिब/क्युबलेट/पीकेआय मधली ‘करंट’ लिंक ताजी आहे का ते बघितले.

१२ मार्च : जुनी साधने

एका साठवण यंत्राच्या व्यवस्थापन पानावर १०२४ बिटांची किल्ली आणि एसएचए-१. उबुंटू ‘ईई की टू स्मॉल’ म्हणते, अल्मालिनक्स ९ च्या डीफॉल्ट क्रिप्टो धोरणात एसएचए-१ सह्या बंद आहेत. यंत्रभर धोरण ढिले करायचे नाही. साधनावर नवे सर्टिफिकेट चढवले. ज्यांवर चढत नाही ती एका प्रॉक्सीमागे.

१६ मार्च : सार्वजनिक सर्टिफिकेटे आणि पहारा

कालपासून सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत २०० दिवस झाली. १५ मार्च २०२७ पासून १००, १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हाताने बदलली जाणारी जी थोडी उरली आहेत, ती या वर्षीच स्वयंचलित करायची.

लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याच्या इमेल जून २०२५ मध्ये बंद केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ओसीएसपीही (सर्टिफिकेट रद्द झाले का हे विचारायची सेवा) बंद झाले. एनजिनएक्समध्ये ‘एसएसएल_स्टेपलिंग’ चालू राहिले असेल तर ‘सर्टिफिकेटात रिस्पॉन्डरचा पत्ता नाही’ असा इशारा येतो. तो निरुपद्रवी आहे, ओळ काढली.

पहारा तारेवरून: एस_क्लायंटचे उत्पादन ‘ओपनएसएसएल एक्स५०९ -नोआउट -चेकएंड १२०९६००’ला. १४ दिवसांच्या आत संपणार असेल तर एक्झिट कोड १. फाइल तपासणारा जुना जॉब बंद केला, २६ फेब्रुवारीच्या नोंदीतला दोष त्याला दिसतच नाही.

१८ मार्च : रंगीत तालीम

१ एप्रिल आज आणून बघितली, घड्याळ न हलवता. ‘-अटटाइम १७७५००१६००’, म्हणजे १ एप्रिल २०२६, शून्य वाजता यूटीसी. हा पर्याय ‘व्हेरिफाय’ला आणि एस_क्लायंटलाही चालतो. सगळ्या पत्त्यांवर फिरवला. कोड १० देणारे जे निघाले त्यांत बॅकअपचे एजंट आणि एलडॅप (वापरकर्त्यांची निर्देशिका) होते. दोन्हीकडे एचटीटीपीएसचा पोर्ट नाही, म्हणून यादीत आले नव्हते. एलडॅपला ‘-स्टार्टटीएलएस एलडॅप’ लावून तपासले. संध्याकाळी दोन्ही बदलले.

एस_क्लायंट ओपनएसएसएलची यादी तपासतो, जावा आणि नोडची नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक मूळ इमेजमधून नव्या सीएवरच्या चाचणी पत्त्याला त्या त्या भाषेतून खरी विनंती पाठवली आणि सोबत एका सार्वजनिक पत्त्यालाही, यादी बदलली गेली नाही ना हे दिसावे म्हणून. ही जोडचाचणी सीआयमध्ये कायम.

१ एप्रिल : जुने रूट काढणे

अल्मालिनक्स: अँकर्समधून फाइल काढून ‘अपडेट-सीए-ट्रस्ट’. उबुंटू: फाइल काढून ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स --फ्रेश’. टारमधली जावा: ‘कीटूल -डिलीट -एलियस’. सेंटओएस ७ वर हे सर्वांत आधी केले, कारण ९ फेब्रुवारीच्या नोंदीतले. दोन यंत्रांवर जुने रूट अँकर्सबाहेर, एका ॲपच्या स्वतःच्या बंडलमध्ये सापडले. ॲपच्या मालकांकडे तिकीट दिले.

रजिस्ट्रीतल्या मार्चआधीच्या इमेज टॅगांमध्ये फक्त जुने रूट आहे. रोलबॅकसाठी त्यांतला कोणताही टॅग वापरायचा झाल्यास आधी नव्या मूळ इमेजवर पुन्हा बिल्ड करावा लागेल. रोलबॅकच्या सूचनांत ही ओळ घातली. उरलेले काम: व्हेरिफाय=फॉल्सची यादी.